आडव्या जाणाऱ्या होड्या

लष्करात एक गोष्ट कुणी शिकवत नाही, तरी पहिल्या महिन्यात सगळ्यांना येते. वरिष्ठांनी "अमुक काम कुणाला येतं?" असं विचारलं, की हात वर करायचा नाही. "चित्रं कुणाला काढता येतात?" या प्रश्नाला हात वर करणारा आमच्यातला एक जण पुढे कित्येक दिवस छावणीच्या रस्त्याकडेच्या दगडांना चुना फासत होता. हे डोळ्यांनी पाहिलेलं असूनही देवळालीला एका सकाळी सुभेदारसाहेबांनी "तैरना किसको आता है?" असं विचारलं, तेव्हा माझा हात वर गेला. मी दिंडोरीकडचा. कादवा नदीच्या डोहात म्हशीचं शेपूट धरून पोहायला शिकलेला. पोहण्याचा मला फुकटचा अभिमान होता, आणि अभिमान माणसाला हात खाली ठेवू देत नाही.

असा मी जहाजावर गेलो.

निवृत्तीनंतर मी सातपूरला एका कारखान्याच्या गेटवर सुरक्षेचं काम केलं. शिफ्ट सुटली की कामगार बसची वाट बघत गप्पा मारायला थांबायचे. मिलिटरीतला माणूस म्हटल्यावर त्यांना बर्फ, डोंगर, शत्रूचं ठाणं असलं काहीतरी हवं असायचं. मी म्हणायचो, "मी प्रवासी जहाजावर होतो. समुद्री चाच्यांपासून पहारा द्यायला." मग कुणीतरी हमखास विचारायचं, "कुठं काका, गंगापूर धरणावर का?" सगळे हसायचे. आता यातली गंमत अशी, की सुरुवात खरोखरच गंगापूर धरणावर झाली होती. पण ते सांगितलं की मंडळी आणखी हसायची, म्हणून मी सांगणंच सोडून दिलं. आज लिहायला बसलोच आहे, तर सांगून टाकतो.

सत्तरीचं दशक संपत आलं होतं. मद्रासहून पेनांग आणि सिंगापूरला जाणारं एक जुनं प्रवासी जहाज होतं. विमानाचं तिकीट न परवडणारी शेकडो माणसं त्यातून जात-येत असत. तिकडच्या चिंचोळ्या समुद्रात तेव्हा चाच्यांचा उपद्रव वाढला होता. जहाजाच्या कंपनीने सरकारकडे संरक्षण मागितलं, सरकारने लष्कराला सांगितलं, आणि तो हुकूम वरून खाली घरंगळत देवळालीत आमच्या तुकडीपाशी येऊन थांबला. समुद्रापासून घाट चढून एवढ्या लांबच्या छावणीत तो का यावा, हे मला आजतागायत कळलेलं नाही. लष्करात 'का' हा प्रश्न रजेवर गेल्यावरच विचारायचा असतो.

तर आम्हाला समुद्राची सवय व्हावी म्हणून गंगापूर धरणावर नेलं. डांबराची रिकामी पिंपं बांधून त्यांवर फळ्या ठोकल्या आणि एक तराफा केला. त्यावर एकेकाने रायफल घेऊन उभं राहायचं, दोघांनी पाण्यात उतरून तराफा गदागदा हलवायचा, आणि काठावरच्या निशाणीवर गोळी मारायची. पहिल्या दिवशी निशाणीला ओरखडाही आला नाही. धरणावरचे बगळे मात्र दोन दिवस फिरकले नाहीत. हलणाऱ्या जागेवरून नेम साधणं ही वेगळीच विद्या आहे. आपण हलतो, निशाणी हलत नाही, आणि डोळा मात्र उलटं सांगतो.

त्यात एकाच गड्याचा नेम लागायचा. लहानू त्याचं नाव. सुरगाण्याकडच्या पाड्यावरचा, अंगाने काटकुळा, बोलायला लाजाळू. मी विचारलं, "तुला कसं रे जमतं?" तर म्हणाला, "साहेब, झाड पन हालतंच ना वाऱ्यानं. आमी झाडावं बसूनच मारतूं." मी त्याला माझ्या पहाऱ्यात मागून घेतला. मी हवालदार, आणि माझ्या हाताखाली दहाएक माणसं. नाशिक जिल्ह्यातली आम्हीच दोघं. बाकीचे देशभरातले.

धरणाचं पाणी आणि समुद्र यांत काय फरक आहे, ते मद्रासचा किनारा दिसेनासा झाल्यावर कळलं. आमची अख्खी तुकडी, जिच्या जिवावर जहाज निर्धास्त निघालं होतं, ती बादल्या कवटाळून आडवी पडली. पोहता येण्याचा उलटी न होण्याशी काडीचा संबंध नसतो. तेव्हा चाचे आले असते, तर त्यांनीच आम्हाला लिंबूपाणी पाजलं असतं. तिसऱ्या फेरीपासून पोट ताळ्यावर आलं. त्यानंतर मी प्रत्येक फेरीला गावाकडचे कांदे आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन जाऊ लागलो. भात-सांबाराला कंटाळलेले पंजाबी गडीसुद्धा त्या चटणीसाठी माझ्याशी गोड बोलायचे.

चाचे कसे येतात, ते आधी सांगायला हवं. सिनेमात दिसतात तसे ते मोठ्या जहाजातून वाजतगाजत येत नाहीत. हलकी, वेगवान होडी घेऊन जहाजाच्या मागून येतात. जहाज मागच्या बाजूला पाण्याला जवळ असतं. तिथे आकडा लावलेला लांब बांबू अडकवायचा आणि सरसर वर चढायचं. म्हणून आमचे सगळ्यांत तरबेज डोळे मागच्या टोकाला असत. पुढचं टोक, ज्याला खलाशी नाळ म्हणतात, ते पाण्यापासून चांगलं तीन मजली उंच. तिथून कुणी चढणं शक्य नसतं, तरीही तिथे एक माणूस ठेवावा लागे.

चाच्यांची दुसरी जात आणखी वाईट. ते तिकीट काढून येतात. प्रवासी म्हणून बसतात, मध्यावर आले की एकदम उठतात आणि कप्तानाच्या खोलीचा नि इंजिनाचा ताबा घेतात. त्यासाठी जहाजावर खालच्या वर्गातल्या प्रवाशांचा भाग आणि वरचा भाग यांच्यामध्ये लोखंडी गजांचं दार बसवलेलं होतं. ते कायम कुलूपबंद. गजांच्या अलीकडे आम्ही बंदुका घेऊन, पलीकडे प्रवासी.

या गजांपायी एकदा गंमत झाली. पेनांगला मुलाकडे निघालेल्या एक तमिळ आजी होत्या. नऊवारीसारखंच पण वेगळ्या तऱ्हेने नेसलेलं लुगडं, कपाळभर विभूती. मद्रास सुटल्यावर दुसऱ्या दिवसापासून त्या रोज जेवायच्या वेळी गजांपाशी येऊन बसत आणि डब्यातला लिंबूभात केळीच्या पानावर घालून गजांमधून आमच्यापुढे सरकवत. नियम असा होता, की प्रवाशांकडून काही खायचं नाही. गुंगीचं औषध घातलेलं असू शकतं. मी हात जोडून नको म्हणायचो. आजींचे डोळे भरून यायचे. त्या माझ्या हातावर हात ठेवून काहीतरी समजुतीचं बोलायच्या. शेवटी हिंदी जाणणाऱ्या एका मास्तरांना मी विचारलं, की या काय म्हणतात. मास्तर आधी पोट धरून हसले. मग म्हणाले, "त्या म्हणताहेत, तू चांगल्या घरचा दिसतोस. रागाच्या भरात हातून काही झालं असेल. देव तुला लवकर सोडवील."

आजींना वाटत होतं, की गजाआड असलेले आम्ही कैदी आहोत आणि सरकार आम्हाला काळ्या पाण्यावर घेऊन चाललंय. मग आमच्या हातात बंदुका कशा, हा प्रश्न त्यांना पडला नव्हता. मास्तरांनी खरं काय ते सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, की मग यांना कुलपात कशाला ठेवलंय? त्या दिवशी मी नियम मोडला आणि लिंबूभात खाल्ला. तुकडीत कुणालाही गुंगी आली नाही. पेनांगला उतरताना आजींनी आम्हा सगळ्यांच्या डोक्यांवरून गजांतून हात फिरवला. लहानूची तर त्यांनी तिथेच बोटं मोडून दृष्ट काढून टाकली.

खरे चाचे आम्ही किती पाहिले, असं लोक विचारतात. एकदा संध्याकाळी मागच्या बाजूला दोन होड्या बराच वेळ चिकटून होत्या. आम्ही पाण्याच्या मोठ्या नळांचे फवारे सोडले, रेलिंगपाशी रायफली दाखवल्या, तशा त्या वळून गेल्या. बस, एवढंच. पहारेकऱ्याचं काम हे असं. काही घडलं नाही, तर ते आपल्यामुळे घडलं नाही की घडणारच नव्हतं, हे कुणालाच सांगता येत नाही. न घडलेल्या गोष्टीचं पदक मिळत नाही. पण आमच्या फेऱ्यांमध्ये एकाही प्रवाशाच्या गळ्यातलं डोरलं गेलं नाही, याचा मला अभिमान आहे. मी तो उघडपणे बाळगतो.

आमच्या कामात एकच खोट होती, आणि तीही हुकमातूनच आलेली. 'खलाशांशी सलगी ठेवू नये' असा आम्हाला सक्त हुकूम होता. खलाशांपैकीच कुणी चाच्यांना फितूर असू शकतो, असा त्यामागचा विचार. त्यामुळे समुद्रात आयुष्य काढलेली माणसं चार हातांवर असून आम्ही त्यांच्याशी पाण्याबद्दल अवाक्षरही बोलत नव्हतो. त्यांचा मुकादम, म्हणजे सारंग, रत्नागिरीकडचा होता. अस्सल मराठी बोलायचा. आम्ही दोघं एकमेकांना नुसता सलाम करायचो आणि तोंडं फिरवायचो.

याची किंमत एका सकाळी मोजावी लागणार होती.

त्या फेरीला मद्रासहून निघायलाच उशीर झाला होता. एरवी जो टापू आम्ही अंधारात ओलांडायचो, तिथे या वेळी लख्ख सकाळी पोचलो. दोन्हीकडे जमीन, मध्ये समुद्राची पट्टी, आणि तीत मासेमारीच्या कितीतरी होड्या. कप्तानसाहेबही या मार्गावर नवे होते. आधी त्यांनी युरोपकडची मालवाहू जहाजं चालवली होती. त्या मोसमात याच टापूत एका जहाजावर चाच्यांनी दोन माणसं मारल्याची खबर वायरलेसवर येऊन गेली होती, त्यामुळे सगळ्यांच्याच नसा ताणलेल्या होत्या. मला त्यांनी बोलावून सांगितलं होतं, "हवालदार, आज चूक नको." माझ्यासाठी ती फेरी तशीही महत्त्वाची होती. नायब सुभेदारीसाठी माझी शिफारस वर गेली होती. गणवेशाच्या खांद्यावर पट्टी येणार, म्हणून माझी बायको शांता हिने गल्लीत आधीच सांगून ठेवलं होतं.

मी मधल्या डेकवर होतो. एकाएकी जहाजाचा भोंगा लागोपाठ वाजू लागला. मी रेलिंगपाशी धावलो. पुढून, उजव्या बाजूने, एक होडी थेट आमच्या रोखाने येत होती. तिच्या मागे आणखी दोन. मोठं जहाज काही बैलगाडीसारखं कासरा ओढून थांबवता येत नाही. वळायचं तरी त्याला मैलभर पाणी लागतं. होडीवाल्यांना हे माहीत असणारच. तरी ती होडी सरळ नाळेवर चालून येत होती. आणि मग आवाज झाला. तडतड, तडतड. होडीच्या मागच्या अंगाला धूर दिसला.

डेकवरचे प्रवासी किंचाळत आडवे झाले. मी नाळेकडे पळालो. पळताना मनात एकच विचार होता, की आज पाळीने नाळेवर लहानू आहे. आमचा नियम असा होता, की गोळीबाराचा हुकूम कप्तानाने द्यायचा. पण समोरून गोळी आली, तर पहारेकऱ्याने हुकमाची वाट बघायची नाही. म्हणजे लहानूला मोकळीक होती. आणि लहानूचा नेम चुकत नसे.

मी पोचलो तेव्हा तो एका गुडघ्यावर बसला होता. रायफल रेलिंगच्या फटीतून बाहेर, गाल दस्त्याला लागलेला. होडी आता इतकी जवळ होती, की तिच्यावरची माणसं दिसत होती. "साहेब, गोळीबार आहा," तो नजर न हलवता म्हणाला. "सुकाणूवाला घेतूं." त्याच वेळी वर कप्तानाचा आवाज कर्ण्यातून घुमला, "गार्ड, फायर!"

मी होडीकडे पाहिलं. मला खरंच सांगता येत नाही, की किती वेळ पाहिलं. होडीत एक म्हातारा उभा होता आणि त्याची आमच्याकडे पाठ होती. तो मागे, मोकळ्या समुद्राकडे तोंड करून, एक पत्र्याचा डबा बडवत होता.

हल्ला करणारा माणूस ज्याच्यावर हल्ला करतो त्याच्याकडे पाठ करून उभा राहत नाही. शिवाय नाळेवरून कुणी चढत नाही. पण हे शहाणपण मला नंतर सुचलं. त्या घटकेला मला आठवला तो गाडा. स्वतः मी तो कधी पाहिला नव्हता. माझ्या आत्याच्या तोंडून ऐकला होता. पूर्वी गावात पटकी किंवा देवी यांची साथ आली, की लाकडाचा लहान गाडा करायचे, त्यात मरीआईला बसवायचे आणि तो गाडा आमच्या वस्तीतल्या लोकांना ओढायला लावून पुढच्या गावाच्या शिवेवर नेऊन सोडायचे. पुढे हलगी वाजवायची, म्हणजे रोगराईने वाट सोडू नये. आपल्या गावची पीडा दुसऱ्याच्या हद्दीत गेली की आपण सुटलो, अशी समजूत. धम्म घेतल्यावर आमच्या लोकांनी ते काम टाकून दिलं आणि घरात त्याची गोष्ट काढणंही बंद झालं. पण आत्या सांगायची. ती सांगायची, की गाडा ओढणाऱ्यांची तोंडं बघण्यासारखी असायची. त्यांना भांडायचं नसे, त्यांना फक्त ते ओझं टाकून परत फिरायचं असे.

त्या म्हाताऱ्याचा डबा मला हलगीसारखा ऐकू आला. हे भांडायला आलेले नाहीत, काहीतरी सोडायला आलेले आहेत, असं मला वाटलं. वाटलं एवढंच. पुरावा काही नव्हता.

"लहानू, रायफल खाली."

"साहेब, वरून हुकूम आहा."

"माझा हुकूम आहे, खाली घे." मी पुढे होऊन नळीवर हात ठेवला आणि ती दाबली. लहानूने बोट काढलं, पण माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला वेड लागलंय. कर्ण्यातून पुन्हा आवाज आला, या वेळी माझं नाव घेऊन.

मी घाबरलो होतो. आपलं चुकलं, तर मागे आडव्या पडलेल्या शेकडो बायाबापड्यांचं काय होईल, हे मला स्वच्छ दिसत होतं. आणि होडी तर नाळेखाली जाऊन दिसेनाशी झाली. तीन मजली लोखंडाच्या आड ती काय करतेय, ते आम्हाला कळायला मार्ग नव्हता. आयुष्यात मी एवढा वेळ श्वास धरून कधी उभा राहिलो नाही. कादवेच्या डोहातसुद्धा नाही.

मग ती डाव्या बाजूने बाहेर आली. जहाजाच्या लाटेने उचलली गेली, कलली, सावरली. तिच्यात तो म्हातारा होता, सुकाणूवर एक बाई होती, आणि बाईच्या पाठीशी जाळ्यांच्या ढिगावर एक लहान पोर बसलं होतं. होडीच्या मागे पाण्यावर लाल कागदाचे चिटोरे तरंगत होते. फटाक्यांची माळ लावली होती त्यांनी. म्हाताऱ्याने आपल्या मागच्या रिकाम्या पाण्याकडे एकदा नीट निरखून पाहिलं, खूश झाला, आणि आमच्याकडे वर बघून दोन्ही हात हलवत बोळक्या तोंडाने हसला. मागच्या दोन होड्याही तशाच आडव्या गेल्या.

लहानू रायफल मांडीवर घेऊन मटकन खाली बसला. "साहेब," तो म्हणाला, "पोर बाईच्या पाठीशीच होतं. बाईवर नेम होता माझा." मी त्याच्या शेजारी बसलो. त्याची पाठ थोपटत राहिलो.

सारंग वर आला तेव्हा आम्ही तसेच बसलेलो होतो. झाला प्रकार ऐकून त्याने कपाळावर हात मारला. "अहो हवालदार, ही इकडच्या कोळ्यांची रीत आहे. दिवसेंदिवस मासळी लागली नाही, की त्यांना वाटतं मागे भूत लागलंय. मग मोठं जहाज गाठायचं आणि त्याच्या नाकासमोरून आडवं जायचं. भूत जहाजाला चिकटतं, होडी सुटते. डबे बडवतात, फटाके लावतात. जितकं जवळून जाल तितकं भूत पक्कं चिकटतं म्हणे."

"मग आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही कधी बोललात का आमच्याशी?" सारंग म्हणाला. तो रागावून म्हणाला नाही, पण मला ते लागलं. त्या दिवसापासून मी सलगीचा हुकूम गुंडाळून ठेवला आणि त्याच्याजवळ बसून समुद्र शिकलो.

कप्तानसाहेबांनी मला बोलावलं. सारंगने त्यांना सगळं समजावून सांगितलेलं होतं. ते खुर्चीत बसले होते, चेहरा उतरलेला. मग म्हणाले, "वायरलेस तर जा चुका है, हवालदार." हल्ला होतोय असं वाटलं त्याच घटकेला त्यांनी खबर पाठवली होती, की होड्यांमधून गोळीबार होतो आहे आणि गार्ड कमांडरने फायर करायला नकार दिला. दुसरी खबर त्यांनी लगेच पाठवली, माझी बाजू घेऊन. वाईट माणूस नव्हता तो. पण लष्करात पहिली खबर पुढे धावते आणि दुसरी तिच्यामागे लंगडत येते.

देवळालीला मेजरसाहेबांसमोर उभा राहिलो. त्यांनी विचारलं, "ते चाचे नाहीत हे तुला कसं कळलं?" मी सावधान उभा. मरीआईचा गाडा, हलगी, शीव, आमची वस्ती, हे सगळं ओठांपर्यंत आलं. त्या टेबलासमोर ते बाहेर पडेना. ते सांगायचं तर आमच्या आजा-पणजांना कुणी कशाला जुंपलं होतं, तेही सांगावं लागलं असतं. मी म्हणालो, "अंदाज, साहेब."

"अंदाजावर तू सगळं जहाज पणाला लावलंस?"

"हो साहेब."

"तू बरोबर निघालास," ते म्हणाले, "पण हुकूम हुकूम असतो." मला शिक्षा झाली नाही. नायब सुभेदारीची शिफारस तेवढी मागे घेतली गेली, आणि पुढे ती पुन्हा गेली नाही. जहाजावर मी आणखी काही फेऱ्या केल्या. मग ते जहाजच म्हातारं होऊन मोडीत निघालं आणि पहाराही संपला.

पण त्या चौकशीनंतर मी रजा घेऊन घरी आलो तो पडलेल्या तोंडाने. शांताला तोंड दाखवायच्या आधी मी गावाकडे गेलो, वडिलांकडे. आबा तेव्हा एका द्राक्षबागेत छाटणीच्या कामावर होते. पावसाळा सरून छाटणी सुरू झाली होती. मी बांधावर बसलो. ते वेलीवरची कात्री न थांबवता माझं ऐकत होते. मी सगळं सांगितलं. होडी, डबा, लहानू, कप्तान, मेजर. गाड्याचं सांगताना जरा अडखळलो, कारण आबांसमोर तो शब्द मी आयुष्यात प्रथमच काढत होतो. त्यांची कात्री थांबली.

ते माझ्याशेजारी येऊन बसले आणि डोक्यावरची टोपी काढली. कानाच्या वर, केसांत, त्यांना एक जुना खोल व्रण होता. बैलगाडीवरून पडलो होतो, असं आम्हा भावंडांना लहानपणापासून सांगितलेलं.

"हा गाडीवरून पडल्याचा नाय," आबा म्हणाले. "शिवंवर बसलेला दगड हाय. माझा बाप आजारी व्हता, त्याच्या जागी मी गाडा वढायला गेलतो. मिसरूड फुटलं नव्हतं. पल्याडच्या गावची लोकं काठ्या, गोफणी घिऊन उभी. त्यांचं तरी काय चुकलं? आम्ही त्यांच्या दारात मरन घिऊन चाललो व्हतो. पन ते आमचं नव्हतं. गावाचं व्हतं."

"मग आम्हाला का नाही सांगितलंत कधी?"

"सोडलं ते सोडलं. त्याचं काय बोलायचं?" त्यांनी टोपी मांडीवर झटकली. "तुझी बढती गेली म्हनतो."

"गेली."

"मंग त्या कोळ्यांची पीडा तुलाच चिकाटली म्हन की." ते मिशीत हसत होते.

मला हसू आलं. "आबा, असलं काही नसतं, हे तुम्हीच शिकवलंत ना?"

"नसतंच," ते म्हणाले. पुढचं बोलले ते माझ्याकडे न बघता. "आमच्या माथ्यावर लोकांनी आपली पीडा दिली, बळजबरीनं. अन् ती नेताना दगडबी आम्हीच खाल्ला. तू दुसऱ्याची घेतलीस ती आपल्या मनानं. त्याच्यात लय फरक हाय. तुझ्या बढतीपरीस मला हे बरं वाटलं."

आबांनी माझ्याबद्दल बरं वाटल्याचं माझ्यासमोर म्हटलेलं मला दुसरं आठवत नाही. त्यांनी टोपी घातली, उठले, आणि बांधावर पडलेली दुसरी कात्री माझ्याकडे टाकली.

"बसून काय ऱ्हातोस? त्या पल्याडच्या वळीला लाग," ते म्हणाले. मी लागलो.